नळांची तोंडं बंद केली तेव्हा

आमच्या सोसायटीने योजना काढली: ज्या घरात सगळ्या नळांना पाणी वाचवणारी जाळीची टोपी आणि संडासात दोन बटनांची टाकी, त्या घराला मेंटेनन्समध्ये सूट. ‘सगळ्या’ या शब्दाखाली सेक्रेटरीने जाड रेघ मारली होती. सूट म्हटलं की माझी अक्कल चपला घालून बाहेर पडते, हे बायकोला लग्नाआधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

टाक्या प्लंबरने बसवल्या. टोप्या मी, कारण त्यात काय एवढं! पहिल्याच नळाने मला कपड्यांसकट आंघोळ घातली. पण संध्याकाळपर्यंत सगळे नळ गप्प. भांडी घासताना बायको सारखी वर बघायची, पाणी गेलं की काय म्हणून. मला ती शांतता फार आवडली. मूर्खाला आवडतेच.

बाबांना नाही आवडली. उभा जन्म करावे गावाच्या खाडीत जाळी टाकली त्यांनी. काचबिंदूने आता डोळ्यांत फक्त उजेड आणि अंधार उरलाय. तरी आंघोळीला कुणाला आत येऊ देत नाहीत. दाराला कडी लावायची नाही, एवढंच कसंबसं कबूल केलेलं. स्टुलावर बसून गीझरचा नळ सोडायचा आणि ऐकायचं. रिकामी बादली जाड वाजते, भरत आली की आवाज बारीक होतो. बारीक झाला की नळ बंद.

टोपी बसली त्या दिवशी बाबा कोरडेच बाहेर आले.

“पानी नाय आला रं.”

“आलंय बाबा. त्यात हवा मिसळते, म्हणून आवाज होत नाही.”

“मंग हवेनंच आंघोल करू?”

मी हसलो. दुसऱ्या दिवसापासून त्यांची तक्रार बंद. तिथेच मी घाबरायला हवं होतं. मग ते चहाचा कप डाव्या हाताने धरायला लागले. बायकोने त्यांचा उजवा हात ओढून पाहिला, तर बोटांची टोकं लालबुंद. बादली किती भरली ते बाबा बोट बुडवून बघत होते. कढत पाण्यात.

“त्यांच्या नळाची टोपी आत्ता काढा,” बायको म्हणाली.

“रविवारी पाहणी आहे ना. तेवढी होऊ दे.”

“आणि तोवर?”

“तोवर गीझर कमी ठेवतो.”

एक दिवस ठेवलाही.

रविवारी सकाळी सेक्रेटरी आला. टाकीची दोन्ही बटनं दाबून बघितली, स्वयंपाकघरातला नळ सोडून मान डोलावली. “काका, मानलं तुम्हाला. दुसरं बाथरूम?”

“बाबा आत आहेत. आंघोळ चाललीय.”

“आंघोळ? अहो, आवाज कसा नाही?”

“तीच तर कमाल!” मी म्हणालो, आणि माझ्या पायाला काहीतरी गरम लागलं. दाराखालून पाणी येत होतं. त्यातून वाफ निघत होती.

“बाबा?”

मी दार ढकललं. बाबा स्टुलावर पाय वर ओढून बसले होते, नावेत पाणी शिरल्यावर माणूस बसतो तसे. बादली चहूबाजूंनी वाहत होती. लाल बोटं हवेत नळ शोधत होती.

“भरली का रं?” त्यांनी विचारलं.

मी नळ बंद केला आणि पक्कड आणून टोपी उपटली. सेक्रेटरी दारातच उभा. “काका, मग सूट…”

“तुझी सूट घाल चुलीत,” असं माझ्याऐवजी बायको म्हणाली.

आता तो एक नळ पुन्हा बोंबलतो. आंघोळीच्या वेळी मी दाराबाहेर उभा राहून ऐकतो. पहिले काही दिवस आवाज बारीक झाला की नळ लगेच बंद व्हायचा. माझा जीव भांड्यात पडायचा.

काल बादली बारीक वाजायला लागली. मला बाहेर स्वच्छ ऐकू आलं, आत बाबांना नाही. नळ चालूच राहिला.