‘हाय’ म्हणजे कबुली नव्हे

आभाळ निरभ्र असताना एखाद्या मोटारीचे वायपर चालू दिसले, की निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनीही माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, चुकून दांडी ओढली गेली असेल. मी म्हणतो, चुकून ओढली गेली, म्हणूनच तर.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातली. जपानमधली चौकी-पद्धत कशी चालते हे शिकायला मला काही महिन्यांसाठी टोकियोला पाठवलं होतं. त्यात माझी हुशारी काही नव्हती. ज्याची निवड झाली होती त्याच्या मुलीचं लग्न निघालं, म्हणून माझा नंबर लागला. टोकियोतल्याच एदोगावा भागातल्या एका ठाण्यात मी हुद्द्यानेही निरीक्षक होतो आणि कामानेही निरीक्षकच. म्हणजे नुसतं बघायचं, अधिकार शून्य. सोबतीला एक जपानी हवालदार होता. त्याचं नाव मला उच्चारता येईना, म्हणून मी त्याला ‘हवालदार-सान’ म्हणत असे. तो मान लववायचा आणि मला वाटायचं, त्याला आवडतंय.

तिकडे मोटार घ्यायची तर ती उभी करायला जागा आहे, हे आधी दाखवावं लागतं, आणि त्याची खात्री पोलीस ठाणं करतं. अशीच एक जागा मोजायला हवालदार-सान निशी-कसाई नावाच्या वस्तीत निघाला, मी टेपचं दुसरं टोक धरायला. तिथे पुण्याचा एक संगणक अभियंता आणि त्याची बायको उभी. मराठी ऐकताच मी टेप सोडून दिली. वहिनी एका जेवणाच्या डब्यांच्या दुकानात अर्धवेळ काम करायच्या, त्यामुळे त्यांचं जपानी नवऱ्यापेक्षा चांगलं होतं. त्याला घ्यायची होती साठच्या सुमाराची एक अमेरिकन फाल्कन. अमेरिकेत हिला ‘कॉम्पॅक्ट’, म्हणजे आटोपशीर गाडी म्हणतात. तिची लांबी ऐकून हवालदार-सानने ती दोनदा विचारून घेतली.

हा गडी जुन्या गाड्यांची मासिकं पोथीसारखी वाचायचा. रविवारी गाड्या बघायला जाताना खिशात रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक. ते दारावर फिरवायचं. जिथे चिकटत नाही तिथे गंज खरवडून लांबी, म्हणजे पुटी, भरली आहे असं समजायचं. नदीपलीकडच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकच्या फाल्कनवर ते सगळीकडे चिकटलं. आजोबांनी दोनदा नकार दिला. तिसऱ्यांदा हा काही न मागता नुसता तिच्याशेजारी बसून राहिला, तेव्हा त्यांनी होकार दिला.

गाडी आल्यावर त्याने मला फिरवून आणलं. स्टिअरिंग डावीकडे. त्याने हसत सांगितलं, “सर, हिची वळायच्या दिव्याची दांडी डाव्या हाताला आहे. जपानी गाडीत त्या जागी वायपरची. रविवारी ही चालवली की सोमवारी ऑफिसच्या गाडीत प्रत्येक वळणावर माझे वायपर सुरू होतात.” वहिनी म्हणाल्या, याची सवय मोडायला मंगळवार उजाडतो.

पुढे एका सकाळी ती जागा रिकामी. वहिनी ठाण्यात आल्या तेव्हा नोंद करणाऱ्या शिपायाने त्यांना आधी चहा दिला, मग तक्रार घेतली. काच फुटलेली नाही, कुलूप तोडलेलं नाही. म्हणजे किल्लीने नेलेली. एक किल्ली अभियंत्याच्या खिशात होती. काही आठवड्यांपूर्वी तो कामासाठी ओसाकाला गेला, तेव्हा इंजिन अधूनमधून सुरू करायला ती काकांकडे दिली होती आणि आल्यावर परत घेतली, एवढं वहिनींनी सांगितलं. मी ते कानाआड केलं. कारण काका म्हणजे काका. निशी-कसाईत त्यांचं भारतीय किराण्याचं दुकान. नव्या माणसाला घर मिळवून देणार, तूरडाळ घरपोच करणार, गणपती बसवणार. मी परक्या मुलुखात पहिलं पिठलं खाल्लं ते त्यांच्याकडे.

खबर दिली तीही काकांनीच. मला दुकानामागे नेऊन हळूच म्हणाले, “साहेब, आपला काही संबंध नाही, पण त्या मेकॅनिकने दुसरी किल्ली ठेवून घेतलीय. दर रविवारी येऊन गाडीकडे बघत उभा असायचा. ही माणसं वरून ‘हाय, हाय’ म्हणत माना हलवतात, आतलं कळत नाही.” स्वतःबद्दल मी न विचारताच सांगितलं, की त्यांनी किल्ली नुसती खिळ्याला अडकवली होती, असली उलटी गाडी त्यांना चालवताच येत नाही. न विचारता दिलेलं उत्तर हा आमच्या धंद्यात पहिला धोक्याचा कंदील. पण पिठलं पोटात होतं.

अधिकार नसताना मी एकटाच आजोबांच्या गॅरेजवर धडकलो. प्रशिक्षणात शिकलेलं जपानी जवळ होतं. शब्द माहीत, कान नाहीत. विचारलं, गाडीवर जीव होता? “हाय.” दुसरी किल्ली आहे? “हाय.” विकल्याचं वाईट वाटलं? “हाय.” दर वेळी मान हलवायचे. शेवटी विचारलं, गाडी तुम्ही नेलीत? “हाय,” म्हणाले आणि पुढे बरंच काही सांगू लागले. ते ऐकायला मी थांबलो नाही. मी साताऱ्याकडचा. आमच्या गावात ‘हाय’ म्हणजे ‘आहे’, त्यावर अपील नाही. इतक्या सहज मिळालेला कबुलीजबाब मी आयुष्यात पाहिला नव्हता.

मी कळवल्यावर हवालदार-सानला आजोबांना ठाण्यात बोलावणं भाग पडलं. गॅरेजचं शटर खाली आलं. आळीतल्या लोकांच्या देखत ते टोपी हातात धरून चालत आले. जुन्या गाड्यांचे शौकीन अशा माणसाकडे गाडी महिनोन्‌महिने ठेवतात ती केवळ विश्वासावर. चोर म्हणून एकदा बोभाटा झाला की ते शटर पुन्हा उघडायचं कशाला?

जबाबाच्या वेळी मला समजावं म्हणून वहिनींना दुभाषी म्हणून बसवलं. आजोबांचं ऐकून घेतलं आणि त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नव्हता, पण मी खुर्चीत सावरून बसलो.

“साहेब, ‘हाय’ म्हणजे दर वेळी ‘हो’ नसतं, ‘ऐकतोय’ असतं. आपण फोनवर ‘हं, हं’ करतो ना, तसं. त्यानंतर ते म्हणत होते की मी नेली नाही, दुसरी किल्ली ही घ्या, अडीअडचणीला ठेवली होती. पण तोवर तुम्ही रस्त्यावर पोचला होतात, असं ते सांगताहेत.”

आजोबांनी किल्ली टेबलावर ठेवली. तरी गाडी मिळेपर्यंत संशय त्यांच्यावरच राहणार होता, आणि तो मी आणून बसवला होता.

त्याच दुपारी काका ठाण्याच्या दाराशी आपली जपानी गाडी घेऊन हजर. चला साहेब, घरी सोडतो; काय म्हणतो आपला चोर? मी शेजारी बसलो. लख्ख ऊन होतं. पहिल्या वळणावर वायपर फर्रकन फिरले. काका म्हणाले, काचेवर धूळ बसलीय. दुसऱ्या वळणावर पुन्हा. काकांनी घाईने दांडी मागे ढकलली. मला वहिनींचा मंगळवार आठवला. या माणसाचा डावा हात वळायचा दिवा शोधत होता. डावीकडच्या स्टिअरिंगची सवय लागलेला हात होता तो.

इथून पुढे मी त्याला अहो-जाहो करणार नाही.

चौकशीत माझं एकच कसब बरं आहे, गप्प बसण्याचं. तिसरं वळण आलं. वायपर फिरले. मी काचेकडे बघत राहिलो. ते कोरडे करकरत होते आणि बंद करायची त्याची हिंमत होईना.

“साहेब,” तो म्हणाला, “चोरी नाही हो केली. परतच ठेवणार होतो.”

त्याला मी गाडी तशीच ठाण्याकडे वळवायला लावली. फाल्कन त्याच्या गोदामात तांदळाच्या पोत्यांमागे निघाली. पुढचा बंपर चेपलेला आणि आत हिंगाचा असा वास, की हवालदार-सान दोन पावलं मागे सरला. ओसाकाच्या वेळीच याने किल्लीची नक्कल करून घेतली होती. कोबेहून व्यापारी पाहुणे आले, तेव्हा त्यांना मिरवायला गाडी नेली, आपलीच म्हणून सांगितली. पाहुण्यांचा मुक्काम लांबला तशी ती रोज चालवली, मग बंपर ठोकला, मग तोंड दाखवायची लाज वाटली. आणि ती लाज झाकायला याने एका म्हाताऱ्याची अब्रू पुढे केली! दरोडेखोर पकडताना मला इतका संताप आला नव्हता. दरोडेखोर निदान पिठलं खायला घालत नाही.

पुढचं तर त्याहून वाईट. तिथल्या मराठी मंडळातले चार शहाणे अभियंत्याच्या घरी जाऊन बसले. आपलाच माणूस आहे, परक्या देशात शोभा नको, मिटवून टाका. अभियंत्याने तक्रार पुढे रेटली नाही. आजोबांच्या गॅरेजसमोर हवालदार-सानने टोपी काढून, कमरेत वाकून, साऱ्या आळीसमोर माफी मागितली. चूक माझी, वाकला तो. मीही शेजारी वाकलो, आणि बरोबर नेलेली मिठाईची पेटी हातातून पडली. आजोबांनीच ती उचलली. दुसऱ्या दिवशी शटर उघडलं, पण कितीतरी दिवस आत एकही जुनी गाडी दिसली नाही.

काकाला मी एवढंच म्हणालो होतो, की एकदा त्यांच्यापुढे जाऊन वाक. तो म्हणाला, “सोडा हो साहेब. तो जपानी आपला कोण?”

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. ‘आपला माणूस’ हा पुरावा नव्हे, एवढं शिकवलं. आणि साक्ष ऐकताना आपल्या गावचे कान घरी ठेवावेत.

मी परतायच्या थोडं आधी तिथल्या मंडळाचा गणपती बसला. आरतीचं ताट काकाच्याच हातात, कपाळभर गंध. ताट फिरत वहिनींपुढे आलं. त्यांनी ज्योतीवरून हात फिरवला नाही. सगळ्यांसमोर विचारलं, “काका, आजोबांकडे कधी जाताय?”

“हो, हो,” काका म्हणाला, “जाऊ की. हो.” आणि ताट पुढे सरकलं.

वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “साहेब, त्यांचा ‘हाय’ मी तुम्हाला समजावला. आपला हा ‘हो’ मी आजोबांना कसा समजावू?”

मी विमानात बसलो तोवर तरी काका आजोबांकडे गेला नव्हता.