गोव्याच्या माणसांचा दगड

माझ्या मावसाजींइतका मागायला लाजणारा माणूस उभ्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. पंगतीत वरण अळणी लागलं तरी ते मीठ मागत नसत. शेजारच्याच्या पानाकडे इतक्या मायेनं बघत, की तोच बिचारा वाढप्याला हाक मारी. आगगाडीत जागा कशी मागायची, म्हणून नांदुऱ्याहून अकोल्यापर्यंत उभ्यानं जात, आणि कुणी आपणहून सरकलंच तर ती जागा एखाद्या म्हातारीला देऊन पुन्हा दारात उभे. अशा माणसाची बाजारात कापसाची दलाली कशी चालत होती हे मला, त्यांच्या हाताखाली शिकत असूनही, कधी कळलं नाही. आणि याच माणसानं एक दिवस वर्गणी गोळा करायचं मनावर घेतलं.

स्टेशनापलीकडे जुनं ख्रिस्ती कब्रस्तान होतं. गोऱ्या साहेबांच्या कबरींवर संगमरवर होता. रेल्वेच्या नोकरीत आलेली गोव्याची माणसं, त्यांच्या बायका, लेकरं मागच्या भिंतीशी पुरलेली. त्यांचे लाकडी क्रूस वाळवीनं खाल्ले होते. पावसाळ्यात तरोट्याचं रान माजलं की खाली कुणी आहे हेही कळत नसे. मावसाजींना चर्चच्या वहीत उरलेल्या त्यांच्या नावांचा एक दगड तिथं उभा करायचा होता.

कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. प्लेगच्या साथीच्या वर्षी गाव शेतांत झोपड्या घालून राहिलं. मावशीला ताप चढला तेव्हा सख्खे भाऊबंद उंबऱ्याशी आले नाहीत. आली ती रेल्वेतल्या गोवेकर गार्डाची बायको, रोझाबाई. मावशीचं डोकं मांडीवर घेऊन शेवटपर्यंत तीच पाणी पाजत बसली. मावशी गेली. मागोमाग रोझाबाई गेली, मग तिच्या दोन्ही मुली. गार्डसाहेब बदली घेऊन निघून गेले.

वर्गणीला मावसाजी मला सोबत नेत. पेढीवर बसत, चहा घेत, सरकीचा भाव, पूर्णेचं पाणी, शेटजींचा गुडघा, सगळ्याची विचारपूस करत आणि उठत. एका शेटजींनी तर उलट गोरक्षणाची पावती पुढं केली, ती यांनी मुकाट्यानं फाडून घेतली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "त्याचा गुडघा लई दुखून राह्यला होता. अशात कसं मांगावं बापा?" दिवाळी गेली, होळी गेली. मी हसायचो.

मग एका जिनवाल्यानं कापसाच्या गाठी ठेवायला ती मागच्या भिंतीकडची जागा मागितली. पडीक आहे, तिथं कोण आहे, असं तो भर बाजारात म्हणाला. मावसाजी शेजारच्या बैलगाडीवर चढले. धोतराचा सोगा हातात घट्ट धरला होता.

"माही बायको मेली तवा तुम्ही कोनी आले नाही," ते म्हणाले. "मीबी कोनाले बलावलं नाही. थे बाई आली. तिच्या अंगावर गाठी नोका ठेवू. मले तिच्यासाठी दगड पायजे."

 एक म्हातारे मुसलमान चामड्याचे व्यापारी पुढं आले. "हमारे घर भी आई थी वो बाई," एवढंच बोलून त्यांनी गाडीच्या फळीवर पैसे ठेवले. मग एकेक जण येत गेला. जिनवाला सगळ्यांत शेवटी आला. त्या जागेचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

दगड उभा राहिला त्या दिवशी खबर कळून दुपारच्या पॅसेंजरनं गार्डसाहेब आले. केस पार पांढरे झाले होते. पाथरवटाला मराठीच येत होतं, त्यामुळे अक्षरं मराठी. गार्डसाहेबांना ती वाचता येईनात. ते नुसता हात फिरवत राहिले. तेव्हा मावसाजी शेजारी उकिडवे बसले आणि अक्षरांखाली बोट ठेवून एकेक नाव वाचू लागले. गोव्याची ती नावं त्यांच्या वऱ्हाडी तोंडात वाकडीतिकडी होत होती. फिलोमिनाची फुलमिना झाली. गार्डसाहेबांनी दुरुस्त केलं नाही.

त्यांनी फिरून वाचायला सांगितलं. मावसाजींनी फिरून वाचलं, आणि मुलींच्या नावांपाशी आले तेव्हा आवाज अगदी खाली आणला, निजलेल्या लेकरांजवळ माणूस बोलतो तसा.