कार्बन परवडत नाही

माझं काम सांगायला सोपं होतं, पटवायला अवघड. चाकण रस्त्यावरच्या एका स्कॅन केंद्रात मी किरणोत्सारी कार्बन औषधात बसवायचे. तळघरातलं यंत्र तो वायूच्या रूपात तयार करायचं आणि मी शिशाच्या जाड पेटीत, काचेआडून, तो एका अमिनो आम्लाला जोडायचे. ते शिरेतून दिलं की मेंदूतली जिवंत गाठ फोटोत उजळते, नुसता जुना व्रण मात्र अंधारातच राहतो. अडचण एकच. दर वीस मिनिटांनी निम्मा कार्बन संपतो. संध्याकाळी हिंजवडीला पाठवायचा म्हटलं, तर वाकडच्या पुलावरच त्याचं तेरावं व्हायचं. म्हणून पेशंट भिंतीपलीकडे तयार आणि आम्ही इकडे घाईत, असा तो कारभार.

सासर रहाटणीचं, मूळ गावकरी. शेतं गेली, त्यांवर इमारती झाल्या, भाडी येतात. सुनेची नोकरी त्यांना मिरवण्यासारखी वाटायची, तिसऱ्या महिन्यात माझं पोटातलं मूल गेलं तोपर्यंत. दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी मी केंद्रात सांगितलं होतं आणि नंतर त्या पेटीकडे फिरकलेही नव्हते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं, कुणाचा दोष नसतो. सासूबाईंना खापर फोडायला कुणीतरी हवंच होतं.

"तू कंपनीतनं किरणं घिऊन येतीस अंगावर. आता पुरं झालं."

"आई, तो कार्बन मी घरी पोचेपर्यंत उरतच नाही."

"उरत न्हाई, तर मग पोर कुटं गेलं?"

यावर रसायनशास्त्र काय उत्तर देणार? नवरा समोर जेवत होता, तो जेवतच राहिला. त्याचा मला आजही राग येतो.

रोजच्या कटकटीला कंटाळून मी कागदपत्रांचं टेबल मागून घेतलं. कार्बनचं काम येणारा दुसरा माणूस आधीच हैदराबादला गेला होता. साहेब निमित्ताचीच वाट पाहत होते. फ्लोरिनचं औषध काही तास टिकतं, गाडीत घालून साताऱ्यापर्यंत विकता येतं. कार्बन इमारतीबाहेर पडत नाही. "परवडत नाही, मॅडम," म्हणाले आणि कार्बनची लाइन बंद केली.

मग दिराला फिट आली. सासूबाईंचा धाकटा, लाडका. चाकणला त्याचे टेम्पो चालतात. मेंदूत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, पुढे रेडिएशन. सासूबाई रोज स्वतः त्याला घेऊन जायच्या. ती किरणं औषधाची, माझी पापाची.

वर्षभराने एमआरआयमध्ये तिथेच पुन्हा डाग दिसला. उजवा हात हलवणाऱ्या भागाला अगदी लागून. गाठ परत आली, की रेडिएशनने मेलेला भाग आहे, ते एमआरआयवरून सांगता येईना. सर्जन म्हणाले, "फ्लोरिनच्या औषधाने सगळा मेंदूच उजळतो. कार्बनचा स्कॅन मिळाला तर कळेल. नाहीतर डोकं उघडून बघावं लागेल."

घरी आल्यावर सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "व्हय गं, तू तर करत व्हतीस ना त्ये?"

"करत होते, आई. बंद झालं."

"आमी कुटं यंत्र बंद करा म्हटलं व्हतं?"

गरज सरो, वैद्य मरो असं जग म्हणतं. आमच्या घरानं गरज पडायच्या आधीच वैद्याचा काटा काढला होता. क्षणभर मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग समोर दीर दिसला, आणि मी दुसऱ्या दिवशी साहेबांच्या हातापाया पडले. बंद लाइन सुरू करायची तर चाचण्या, परवानग्या, कित्येक महिने. दुसऱ्या शहरात नंबर लावला, तर तारीख लांबची. इकडे फिट्स वाढत चालल्या आणि सर्जन थांबायला तयार होईनात.

डोकं उघडलं. गाठ नव्हतीच. मेलेला भाग होता तो, बाकी काही नाही.

दीर घरी आला त्या दिवशी सासूबाईंनी अख्ख्या गल्लीला बोलावलं. "देव पावला, गाठ न्हाई निघाली," असं ज्याला त्याला सांगत होत्या. पेढ्यांचा बॉक्स माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "वाट समद्यास्नी." मी वाटले. दिरापुढे बॉक्स धरला तेव्हा त्याने उजव्या हाताकडे पाहिलं, जरा वाट पाहिली आणि मग डाव्या हाताने पेढा घेतला.