महिन्यानंतरची पकड

शिबिर घेऊन आपल्या गावी परतलेल्या कराटेच्या बाईंबद्दल शिंपीकाकांना खरं तर फारसं ठाऊकच नव्हतं. ओळख तीन दिवसांच्या शिबिराची. शिकवलेलं टिकलंय का ते बघायला बाई महिन्याभराने पुन्हा येऊन प्रत्येकाला अवचित गाठत.

"सत्तरीत कसलं लक्षात राहतंय तुमच्या!" बायकोने डिवचलं. काका इरेला पेटले. रोज दुकान उघडण्याआधी मनगट सोडवायचा डाव ते दहादा गिरवू लागले.

एका दुपारी ते खडूने बाही आखत असताना बाईंनी मनगट धरलं. विचार करायच्या आत काकांचं कोपर पुढे गेलं, बाईंच्या अंगठ्याजवळच्या फटीतून हात सटकन मोकळा! काकांना नाचावंसं वाटलं.

"काका, पक्कं बसलंय की!"

"बाही वाकडी झाली ना पण!"

"मग पुढच्या वेळी सांगून येऊ?"

"छे हो, न सांगताच या."