पाहुणा गप्प

१४ मार्च, शुक्रवार. वारा सकाळी जोराचा, दुपारनंतर पडला. तेवीसही घरांचे ताण सोडून झाले. आमच्या छपरावर तात्पुरते नऊ दगड ठेवले. लेक दुपारी आली, जेवली नाही. पिंपातलं पाणी कालच्यापेक्षा चार बोटं खाली. मी दोनच तांबे काढले होते. पाहुणा गप्प.

ही नोंद वहीवाल्या आजींची. वय बहात्तर. वस्तीत त्यांचं खरं नाव ठाऊक असलेली माणसं एकेक करून गेली, आणि नाव वहीवर येऊन थांबलं. पाहुणा म्हणजे वस्तीच्या मधोमध, खड्ड्यात नाक खुपसून उभा असलेला अणुबॉम्ब. शेवटच्या लढाईत बाकीचे सगळे फुटले, हा तेवढा फुटायचा राहिला. जी माणसं उरली ती चालत चालत इथे आली आणि थांबली. खोलगट जागेत वारा कमी लागायचा, आणि पाहुण्याच्या धाकाने लुटारू इकडे फिरकत नसत. जुनी माणसं एक म्हण सांगायची : पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. इथे पाहुणा अठ्ठावन्न वर्षं मुक्काम ठोकून होता, आणि अक्कल गेली असेल तर ती यजमानांची.

कारण वस्तीने त्याला घरं बांधली होती. बांधली म्हणजे खरोखरच दोरखंडाने. बसचे दरवाजे, विमानाचे पत्रे, जे मिळेल ते ठोकून केलेली ती घरं, जोराचा वारा आला की उचलली जायची. माती भुसभुशीत, खुंटी धरायची नाही. हलणार नाही अशी वस्तीत एकच वस्तू होती. म्हणून प्रत्येक घराच्या छपरापासून एक तारेचा ताण निघायचा आणि पाहुण्याच्या शेपटीच्या पंखांना जाऊन आवळला जायचा. नवं घर झालं की आधी ताण, मग चूल. टेकडीवरून पाहिलं तर छत्रीच्या काड्या दिसाव्यात तसं ते दिसे. त्या तारांवर कपडे वाळत, बाळंतिणीची दुपटीसुद्धा.

नियम एकच. ताण हाताने ओढायचा, कप्पी लावायची नाही. ज्याच्या हातून पाहुणा हलेल त्याने बिऱ्हाड उचलून वस्ती सोडायची. हा नियम सभेत मांडला होता आजींच्या यजमानांनी. ते फिटर होते, आणि पाहुण्याची राखण त्यांच्याकडे होती. रोज सकाळी खड्ड्यातलं पाणी उपसायचं, गंजायला लागलेल्या जागी ग्रीस चोपडायचं, लाकडी हातोडीने तीन ठिकाणी हलकं ठोकायचं आणि कान लावायचा. घरी येऊन हात धुताना ते एक शब्द बोलत, “गप्प.” आजी तो वहीत लिहीत. ते गेल्यावर कान लावायचं काम लेकीकडे आलं. ती वस्तीची वायरमन. तीही आईच्या दारात उभी राहून तेवढंच सांगून जाई.

वहीची सवय शाळेतली. चौदा वर्षांच्या होईपर्यंत आजी कॉन्व्हेंटमध्ये होत्या, आणि वर्गशिक्षिका सिस्टर रोज वह्या तपासत. जे झालं ते लिहा, जे वाटलं ते प्रार्थनेत सांगा, असं त्यांचं सांगणं. चुकलं तर खोडायचं नाही, गिरवायचं नाही. एक सरळ रेघ मारायची आणि वर बरोबर लिहायचं. खालचं वाचता आलं पाहिजे. एका दुपारी शाळा राहिली नाही, सिस्टरही राहिल्या नाहीत. सवय राहिली. यजमान गेले त्या दिवशीची नोंद अशी : सहा वाजून दहा मिनिटांनी. थंडी कमी. कंदिलाची काच तडकली.

आता पाहुण्याला उघडून निकामी करायचं ठरलं होतं. ग्रीस संपून चार वर्षं झाली होती आणि त्याच्या पोटाला करंगळी जाईल एवढं भोक पडलं होतं. वस्तीच्या मुकादमांनी सभा घेतली. भंगारात अशा बॉम्बच्या माहितीचं एक पुस्तक सापडलं होतं, ते लेकीने आठ महिने घोकलं. सभेने आजींनाही बोलावलं. पाहुण्याचा कधी आवाज झाला होता का, हे वह्यांतून पाहायचं होतं. आजींनी नऊ दुपारी बसून वह्या वाचल्या. गप्प, गप्प, गप्प. शेजारच्या शिंपीणबाईंना डुलकी लागली. वाचून संपल्यावर मुकादम म्हणाले की असा जावई मिळायला नशीब लागतं, ना मागणं ना रुसणं. सगळे हसले. आजींनी वह्या गोणपाटात बांधल्या.

शनिवारी सकाळी लेक हत्यारांची पिशवी घेऊन आईकडे आली. वस्ती रिकामी होत होती. माणसं गाठोडी घेऊन टेकडीकडे चालली होती. टेकडीने काही वाचणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण शिंपीणबाई म्हणाल्या तसं, घरात चेंगरून मरण्यापेक्षा उघड्यावर बरं, निदान कोण कोण आहे ते दिसतं. आजींनी डब्यातले वाटाणे गरम केले होते. लेकीने दोन घास खाल्ले.

किती वेळ लागेल, आजींनी विचारलं. तासाभराचं काम, लेक म्हणाली. मग चमच्याने ताटात दाखवत तिने सांगितलं. आत एक खिट्टी असते. ती वर असेल तर पोटाचं झाकण उघडायचं, दोन तारा कापायच्या, झालं. खिट्टी पडलेली असेल तर झाकणाला हात लावायचा नाही. झाकण निघालं की तार ओढली जाते आणि खेळ खलास. मग शेपटीकडून, वरून एकेक चकती काढत उतरायचं. दिवस जातो.

“पडली आहे की वर, बाहेरून कसं कळतं?” आजींनी विचारलं.

“नाही कळत. पण पडताना आवाज होतो, पुस्तकात आहे. आणि आवाज झाला असता तर बाबांनी ऐकला असता. तू लिहिला असतास.” ती उठली. “बरं झालं तुझ्या वह्या आहेत. नाहीतर वरूनच जावं लागलं असतं, या वाऱ्यात.”

तिने पिशवी खांद्याला लावली. आजी म्हणाल्या, “खाली बस.”

लेक बसली नाही. आजींनी गोणपाट सोडलं. वह्या वर्षांप्रमाणे लावलेल्या होत्या, शोधावं लागलं नाही. दहा नोव्हेंबर, चाळीस वर्षांपूर्वीचं. बाळाने दूध नीट घेतलं. पश्चिमेचा वारा. पाहुणा गप्प. त्यांनी पट्टी काढली, शेवटच्या शब्दावर एक सरळ रेघ मारली, आणि वर बारीक अक्षरात लिहिलं : एकदा वाजला. मग वही लेकीकडे फिरवली.

लेकीने वाचलं. मग पुन्हा वाचलं.

आजींनी जे झालं ते सांगितलं. त्या दिवशी वाऱ्याने त्यांच्याच घराचा पत्रा सुटून पाळण्यावर आपटत होता. हाताने ताण आवळेना. तिच्या बाबांनी कप्पी लावली. पाहुणा बोटभर फिरला आणि आतून कडी पडल्यासारखा एकच आवाज आला. ते घरी आले, हात धुतले नाहीत. आज लिहू नकोस, म्हणाले. न लिहिणं आजींना जमलं नसतं. म्हणून त्यांनी रोजचंच लिहिलं.

“नियम बाबांनीच केला होता ना,” लेक म्हणाली.

“हो.”

“मग?”

“तू आठ दिवसांची होतीस. बाहेर बर्फ पडत होता.”

लेकीने वही मिटली. “सभेत नऊ दिवस वाचलंस. तेव्हा?”

“लिहिलं होतं ते वाचलं. खिट्टीचं मला आत्ता कळलं.”

हे खरं होतं, पण पुरेसं नव्हतं, आणि ते दोघींना कळलं. लेकीने पिशवीतला छोटा पाना काढून फळीवर ठेवला आणि कोपऱ्यातली बाबांची लांब दांड्याची पकड घेतली. मुकादमांना मी सांगू की तू, एवढंच विचारलं. मी, आजी म्हणाल्या.

मुकादम वस्तीच्या तोंडाशी यादी घेऊन उभे होते, वर जाणाऱ्यांच्या नावांवर खुणा करत. आजींनी त्यांना उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चार माणसं थांबून ऐकत होती. मुकादमांनी पेन्सिल कानावर खोचली. ते यजमानांचे दोस्त, लहानपणापासूनचे.

“वहिनी, नियम तुमच्याच घरातून आला होता.”

“हो. वहीत आहे.”

“आज मी काय करू?”

“आज काही नको,” आजी म्हणाल्या. “आज वेळ लागेल, एवढं लोकांना सांगा. पाणी पुरवून प्यायला सांगा.”

शिंपीणबाई वाटेत बरोबर चालल्या, पण दोन हात अंतरावरून. तुमचं काय बाई, नियमाप्रमाणे तुम्ही चाळीस वर्षं बाहेरच, असं त्या म्हणाल्या आणि आजींच्या हातातली गोणी मात्र ओढून घेतली.

टेकडीवर आजी एका खोक्यावर बसल्या. मुकादमांच्या दुर्बिणीतून जे दिसे ते त्या लिहीत गेल्या. नऊ चाळीस, शिडी लावली. दहा वीस, शेपटीची पहिली चकती निघाली. अकरा पाच, वारा. अकरा वीस, अजून वारा, ती पंखाला धरून बसून आहे. ताणांशिवाय पाहुणा उघडाबोडका दिसत होता, इतक्या वर्षांत प्रथमच. बारा ते दोन काही दिसलं नाही. तेही त्यांनी लिहिलं. बारा ते दोन काही दिसलं नाही. मागे कुणीतरी मुलांना ओरडलं. आजींना आपले पाय जाणवत नव्हते. त्यांनी ते चोळून पाहिले, आणि हेही लिहावं का असा विचार करून सोडून दिला.

तीन वाजून दहा मिनिटांनी लेक शिडीवरून खाली उतरली. हातात बादली होती. ती खड्ड्याच्या काठावर बसली आणि बसूनच राहिली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. थोड्या वेळाने एकाने गाठोडं उचललं, मग दुसऱ्याने, आणि माणसं बाजारातून परतावीत तशी खाली निघाली.

आजी जवळ पोचल्या तेव्हा लेकीचे हात काळे होते आणि डाव्या अंगठ्याचं नख उचकटलं होतं. बादलीत तारा होत्या आणि त्यांच्या वर दाराच्या कडीएवढा एक लोखंडी तुकडा.

“पडलेलीच होती,” ती म्हणाली. “तीन चकत्यांच्या खाली. सकाळी तशीच झाकणाकडून गेले असते तर,” आणि वाक्य तिथेच टाकून तिने बादली दुसऱ्या हातात घेतली.

मुकादमांनी तिथेच, खड्ड्याच्या काठी, चार माणसं जमवून निकाल केला. पाहुणा मेला तरी खुंटा म्हणून पक्का होता. उद्या सगळ्यांनी आपापले ताण पुन्हा बांधायचे. बहात्तर वर्षांच्या बाईला वस्तीबाहेर काढून कुणाचं भलं होणार नव्हतं. पण नियम अगदीच सोडला तर पुढे कोण पाळणार? तेव्हा आजींच्या घराचा ताण यापुढे पाहुण्याला बांधायचा नाही. लेकीच्या घराचा बांधायला हरकत नाही. मुकादम बोलताना जमिनीकडे पाहत होते. आजी म्हणाल्या, बरोबर आहे.

लेक आपल्या घरी गेली नाही. ती आईच्या घरामागे गेली आणि दगड आणायला लागली. एकेक उचलून शिडीवरून छपरावर नेत होती. आजी खालून शिडी धरून उभ्या होत्या. पत्रा दरवेळी दबून आवाज करी, मग कमी कमी करत गेला. झाल्यावर ती आत आली, सकाळचे उरलेले वाटाणे थंडच खाल्ले, आणि दहा नोव्हेंबरची वही मागितली. रेघ मारलेल्या शब्दावरून तिने बोट फिरवलं. बोटाचा काळा डाग कागदावर उमटला.

“हे पुसू नकोस,” ती म्हणाली.

“नाही पुसत.”

“उद्या येईन की नाही सांगत नाही.”

“बरं.”

ती गेली. बाहेर अजून उजेड होता. आजींनी ताट घासलं, ते पालथं घालायला वाकल्या तेव्हा पिंपाखालची माती ओली लागली. त्यांनी हात पुसले, आजची वही उघडली आणि सकाळपासूनचं क्रमाने लिहून काढलं. वेळा टेकडीवरच्या कागदावरून उतरवल्या. निकाल एका ओळीत लिहिला. ‘पाहुणा’ या शब्दापुढे काय लिहावं ते त्यांना पटकन सुचलं नाही, तेव्हा ती जागा त्यांनी मोकळी ठेवली. खाली लिहिलं :

छपरावर आता एकूण एकतीस दगड. पिंप तळाला गळतं आहे, डांबर लावायला हवं.