जावईबापूंचा कूलर

पुण्यातला चांगला चालणारा दवाखाना बंद करून मी भडगावला आलो, कारण मला दुपारचं जेवण दुपारी हवं होतं.

(चारचौघांत मी 'मातीची ओढ' असं सांगतो.) दुसरं कारण बायकोचे गुडघे. पुण्याच्या थंडीत ते कुरकुरायचे. भडगावला, म्हणजे तिच्या माहेरी, ऊनच एवढं की गुडघ्यांना तक्रारीची संधी नाही. शिवाय गल्ली सगळी रिटायर मंडळींची, घाई कुणालाच नाही. हिनं मात्र बजावलं होतं, "इथेही मला एकटीनं जेवायला लावलंत, तर मी लेकाकडे पुण्याला परत. गुडघ्यांसकट!"

मे महिना आला आणि मी पेशंटांसाठी बाहेरच्या खोलीत मोठा कूलर बसवला. तिथेच घात झाला. गल्लीतले सगळे आबा, नाना सकाळीच पेपर घेऊन हजर! आजार कुणालाच नाही. पण नुसतं कसं बसायचं, म्हणून जो तो बीपी मोजून घ्यायचा. मी पडलो गावचा जावई. सासरच्या माणसांना 'उठा' म्हणायची सोय नाही. जेवायला चार वाजायचे. ही माझं ताट झाकून ठेवायची आणि पुण्याच्या गाडीची चौकशी करायची.

एका रविवारी हिनं आमरस आणि खापरावरचे मांडे केले. "ही शेवटची संधी," ती म्हणाली. मी मुकाट्यानं दाराला पाटी लावली: दवाखाना बंद. लगेच खिडकीत हिचे चुलते, नाना, उगवले.

"काय व्हयनं, जवाईबापू?"

'जेवायचंय' म्हणायला जीभ रेटेना. "ऊन लागलंय," मी ठोकून दिलं.

संपलं! बघता बघता अख्खी गल्ली आजारी जावयाला भेटायला आली. मला माझ्याच तपासायच्या टेबलावर आडवं केलं. एका आबांनी माझं बीपी मोजलं (रोज बघून शिकले होते). शेजारच्या अक्का तळपायांना कांदा चोळू लागल्या. तेवढ्यात ही ताटं घेऊन आत आली.

"नही, नही! जवाईले रस-मांडा चालत नही. पातळ पेज दे तेस्ले," नानांनी फर्मान काढलं.

"अहो काका, मग एवढ्या मांड्यांचं काय करू?"

"आम्ही शेतस ना आठे!" जमलेल्या सगळ्यांकडे हात करून नाना म्हणाले.

कूलरसमोर पंगत बसली. मला काहीही झालेलं नाही, हे एकट्या हिला ठाऊक होतं. पण बाई हसत हसत रस वाढत राहिली आणि मग स्वतःही त्यांच्यातच जेवायला बसली. इतक्या वर्षांत तिला असं पोटभर जेवताना मी पाहिलं नव्हतं. पेज पिता पिता मला बरं वाटलं. रागही आला.

संध्याकाळी भीत भीत विचारलं, "मग, पुण्याला कधी?"

"मी कशाला जाऊ? जेवायला एवढी सोबत मिळाली की!"

तेव्हापासून कूलरसमोर रोज दुपारी वेळेवर पंगत बसते. वाढायला मी असतो. मग त्या सगळ्यांचं बीपी मोजून झालं, की मीही जेवतो. चार वाजता, एकटा.