घाटातले चुन्याचे पंजे

गाडग्याच्या तोंडावर पंजा ठेवून आबा म्हणायचे, "आदी जाऊन या. मग बगू."

आणि तो पंजा काय साधा होता! चुन्यात बुडून बुडून असा पांढरा, असा खरखरीत, की त्यावर आलं किसून घ्यावं.

लोणावळ्याच्या बाजाराच्या टोकाला आबांचं सायकल-दुरुस्तीचं दुकान होतं. पोट दुकानावर चालायचं, जीव मात्र घाटात. पावसाळा सरला की बादलीत चुना कालवून ते निघायचे आणि रस्त्याकडेच्या दगडांवर हाताचे ठसे उमटवत जायचे. एक पंजा म्हणजे ब्रेक दाबा, दोन म्हणजे उतरून चाला, आडवा पंजा म्हणजे जवळ पाणी आहे. खाली खोपोलीपर्यंत, वर आंदर मावळात बैलसुद्धा विचार करून पाय टाकतो तिथपर्यंत. तुम्ही तेव्हाचा घाट पाहिलेला नाही. सायकलवाला खाली पोचायचा आणि त्याची टोपी मागाहून, जेवणाच्या वेळेला यायची. हसू नका, ती टोपी मी स्वतः पाहिली आहे.

या कामाचे आबा पैसे मागत नसत. दाराशी गाडगं टांगलेलं, चुन्यासाठी ज्याला जे वाटेल ते त्यानं टाकावं. पण परत आल्यावर. आणि जितके गेले तितके सगळे परत आल्यावर.

"येक जरी मागं ऱ्हायला तर माजी खूण चुकली," ते म्हणायचे. "चुकीचं पैसं कशापायी घ्यायचं?"

किती द्यायचं हे आमच्यावर. आम्ही म्हणजे तिघं: पोस्टातला कारकून मी, गुडदाणी-चिक्की विकणारा बापू, आणि कुसगावचा दत्तू, आमच्यात सगळ्यात तरणा. रपेट एका सकाळची, वाद दोन दिवस पुरायचा.

"चढाचं काय म्हणून द्यायचं?" बापू म्हणायचा. "चढ आपल्या मांड्यांनी चढला. उतारापुरतं देऊ."

"मग दातांवर हिशेब कर," मी म्हणायचो. "उतारावरून येऊनही तुझे शाबूत आहेत ना?"

"आबा," दत्तू ओरडायचा, "ह्याला एक पंजा दगडावर नको, गालावरच द्या!"

आबा हसले की भिंतीवर टांगलेल्या ट्यूबा डोलायच्या. कोण किती टाकतो ते मात्र कधी बघायचे नाहीत. बोटानं आम्हाला मोजायचे आणि कामाला लागायचे.

मग लढाई आली. दत्तूनं फौजेत नाव घातलं. खोपोलीच्या बहिणीला भेटून पुढे जायचं, म्हणून सकाळी सायकलवरून निघाला. दुकानापाशी थांबून रुपया काढला.

"आबा, आता कधी येणं होईल कुणास ठाऊक. आत्ताच घ्या."

पंजा गाडग्यावर. "आदी जाऊन ये, लेकरा. मग बगू."

दत्तू हसला, रुपया खिशात टाकला, आणि उताराला लागला.

पुढे तार आली ती माझ्याच हातात. ब्रह्मदेशात बेपत्ता. त्याच्या घरी पोचवून मी आबांकडे गेलो. ते चाकाच्या तारा आवळत होते.

"बेपत्ता म्हंजी?"

"सापडत नाही."

"मेला असं न्हाई ना लिवलं?"

"नाही."

"मग येतोय त्यो," म्हणाले, आणि चाक फिरवून बघितलं. ते वाकडंच फिरलं.

त्या दिवसापासून गाडग्यात कुणालाच काही टाकू देईनात. "येक भाईर हाय अजून," एवढंच. उताराचे पैसे द्यायलाही रडणारा बापू नोटा घेऊन गेला, "आबा, चुन्यापुरते तरी घ्या हो!" म्हणून हात जोडले. नाही. आम्ही चोरून टाकले, तर सकाळी त्याच पैशांची पुडी परत बापूच्या दुकानाच्या फळीवर. हवेचा पंप विकून त्यांनी चुना आणला. पंपावाचून सायकलीच्या दुकानात कोण येणार? गिऱ्हाईक आटलं, खोकला वाढला. तरी पावसाळा सरल्यावर बादली घेऊन निघालेच.

जन्मभर थापा मारत आलो आहे मी. म्हटलं, आणखी एक, दत्तूचं पत्र आल्याची. आबांनी पैसे घ्यावेत, औषध घ्यावं, एवढ्यासाठी. दुकानात जाऊन म्हणालो, "आबा, पत्र आलंय!"

त्यांनी मान वर केली. तो चेहरा मला सांगता येणार नाही.

"बापूला," मी म्हणालो. "मामाचं."

"हां," म्हणाले, आणि पुन्हा खाली बघू लागले.

त्याच थंडीत आबा गेले.

किती द्यायचं यावर त्या दिवशी वाद झाला नाही. बापूनं गल्ला उलटा केला, मी पगार ओतला. आबांच्या घरी जाऊन सगळे पैसे त्यांच्या बायकोच्या, मावशींच्या, पुढ्यात ठेवले. त्यांनी न बघता पदरात बांधले.

"सांजच्याला घाटाच्या वळणाव जाऊन बसायचे," त्या म्हणाल्या. "खालनं सायकल येती का बगाया. खोकला त्यातच धरला." मग पदराची गाठ आवळत, "आता त्यो पोरगा आला, तर म्हातारा न्हाई म्हून त्येला कोन सांगंल?"

"मी सांगेन, मावशी," मी म्हणालो. "आला की मीच सांगेन."

बापू उठून बाहेर गेला.